बाळंतीण गप्प आहे

(सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या आशाताई, अंगणवाडीताई आणि महिला मंडळांच्या कार्यकर्त्या यांच्यापुढे कराड येथे केलेल्या भाषणाचं शब्दांकन.)



मला बोलवायला आलेल्या मुलींनी विषय सांगितला, ‘बाळंतिणीचं मानसिक आरोग्य’. मी शेजारच्या मावशींना सहज म्हणाले, की अशा विषयावर बोलायला कराडला जायचंय. त्या म्हणाल्या, “म्हंजे येड लागल्याल्या बायांवर व्हय?” हे असं होतं. ‘मानसिक’ म्हटलं की आपल्याकडे एकदम वेडच डोळ्यांपुढे येतं. मग ज्या बाईला वेड लागलेलं नाही, पण जिचं काहीतरी बिनसलेलं आहे, ती या शब्दात बसतच नाही. म्हणून हा शब्द मी जरा बाजूला ठेवते.

मी आज एकाच बाईबद्दल बोलणार आहे. ती बाजेवर भिंतीकडे तोंड करून निजलेली असते. पोर रडलं तर उठून पाजते, पण त्याच्याकडे बघत नाही. ताट पुढे आलं तर दोन घास खाते, नाही आलं तर मागत नाही. “काय गं, काय होतंय?” म्हणून विचारलं तर म्हणते, “काय न्हाय.” ही बाई तुम्ही सगळ्यांनी बघितलेली आहे. मी तर ती झालेलेच आहे. तेव्हा तिथूनच सुरुवात करते.

मी वाळवा तालुक्यातल्या एका गावची सून. पहिलं बाळंतपण माहेरी झालं. मुलगी झाली, पण पहिली बेटी धनाची पेटी म्हणून सगळ्यांनी गोड मानून घेतलं. आईने डिंकाचे लाडू केले, हाळिवाची खीर केली, बाजेखाली शेगडी ठेवली, सव्वा महिना मला पाण्यात हात घालू दिला नाही. १९८३ साली दुसरी झाली. ते बाळंतपण सासरी. पुन्हा मुलगी. आता मी तुम्हाला सांगितलं, की सासूने मला छळलं, तर ते खोटं होईल. कुणी शिव्या दिल्या नाहीत, कुणी हात उगारला नाही. एवढंच झालं, की घरात डिंकाचा विषय निघाला नाही. बाराव्या दिवसाचं बारसं ‘पुढं बघू’ म्हणून राहिलं. मालक दवाखान्यात आले, दारातूनच “बरं हाय न्हवं?” म्हणाले आणि ऊस तुटायला आलाय म्हणून निघून गेले. दहाव्या दिवसानंतर मी चुलीपुढे होते.

पंधरावीस दिवसांनी मला झोप लागेनाशी झाली. पोर झोपलेलं असायचं आणि मी उघड्या डोळ्यांनी आढं बघत पडायची. मग आडाची भीती बसली. परड्यात आमचा आड होता. त्याचा रहाट वाजला की छातीत धडधड व्हायची. आडाला पाणी आहे आणि मी आहे आणि काखेत पोर आहे, एवढंच डोक्यात फिरायचं. मी पाणी ओढायला जाईनाशी झाले. घरात म्हणाले, कामचुकारपणा करतीय. शेजारच्या म्हणाल्या, बाळंतवारं शिरलंय. देवरुषाचा अंगारा आला. तो मी लावून घेतला. खरं काय ते मी कुणालाही सांगितलं नाही. सांगणार काय? आई होऊन असं मनात येतं म्हणजे आपणच राक्षसीण, अशी माझी खात्री झाली होती.

आमच्याकडे तेल लावायला आणि पोराला न्हाऊ घालायला एक सुईण यायची. वय झालेली, बोलायला फटकळ. एक दिवस तिने पोराला पायावर घेतलं, सासूबाईंना तापल्या पाण्याच्या निमित्ताने बाहेर पाठवलं आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली, “पोरी, जीव नकोसा झालाय का गं तुला?” मी रडायला लागले. ती म्हणाली, “रड. मलाबी झालंतं. चवथ्या टायमाला.” बस्, एवढंच. मग ती रोज यायची तेव्हा आधी माझ्याशी बोलायची, नंतर पोराला घ्यायची. पाण्याला कुणीतरी दुसरं जाईल, असं तिने सासूबाईंना काय सांगून पटवलं देव जाणे. मला नीट वाटायला पाचसहा महिने गेले. तिच्यामुळेच मी बरी झाले असं मी म्हणणार नाही, ते मला सांगता यायचं नाही. पण मी आडात गेले नाही.

हे सगळं मी पहिल्यांदा बाहेर बोलले ते किती वर्षांनी? जवळजवळ वीस. एका शिबिरात. आणि त्या दिवशी खोलीतल्या निम्म्या बाया आपापली गोष्ट सांगू लागल्या. एक तर सांगलीत बँकेत नोकरी करणारी, मुलगाच झालेला, सासर चांगलं. तिलाही तसंच. तेव्हा मुलगी झाली म्हणून होतं आणि मुलगा झाला की होत नाही, इतकं ते सोपं नाही हे मला त्या दिवशी कळलं.

आता डॉक्टर लोक याबद्दल काय म्हणतात ते थोडक्यात सांगते, कारण तुम्हाला कामात लागेल. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून पुष्कळ बायकांना, निम्म्याहून जास्त जणींना, उगाचच रडू येतं, चिडचिड होते, मन हळवं होतं. हा आजार नाही. विश्रांती मिळाली, कुणी जवळ बसलं, की साधारण दोन आठवड्यांत ते ओसरतं. दुसरा प्रकार म्हणजे मी आत्ता सांगितला तो. दोन आठवडे झाले तरी मन उचल खात नाही, झोप नाही, भूक नाही, कशात लक्ष नाही, आपण वाईट आई आहोत असं सतत वाटतं, कधी जीव द्यावासा वाटतो. याला म्हणतात नैराश्य. तिसरा प्रकार विरळा, हजार बाळंतिणींमागे एखाददुसरीला होणारा. पहिल्या दोन आठवड्यांतच बहुधा सुरू होतो. बाई रात्र-रात्र झोपत नाही, भलतंच बोलते, कानात आवाज येतात, घरच्यांवर संशय घेते, पोर आपलं नाहीच म्हणते. इथे एक दिवसही थांबायचं नाही. प्रसूतीच्या तातडीइतकीच ही तातडी आहे, थेट मोठ्या दवाखान्यात न्यायचं. आणि ती बरी होते, हे घरच्यांना ठासून सांगायचं. फक्त पुढच्या बाळंतपणात पुन्हा होण्याचा धोका असतो, म्हणून ते लपवून ठेवायचं नाही.

मधला जो प्रकार आहे तो किती जणींना होतो? आपल्या शेजारी गोव्यात म्हापशाला डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दवाखान्यात येणाऱ्या २७० गरोदर बायकांना गाठून, बाळंतपणानंतर पुन्हा जाऊन विचारलं होतं. तो अभ्यास २००२ साली छापून आला. सहा ते आठ आठवड्यांनी ५९ जणी नैराश्यात होत्या. म्हणजे शंभरात तेवीस. त्यातल्या निम्म्याहून जास्त सहा महिन्यांनीही तशाच होत्या. पुढे २०१७ साली भारतभरच्या ३८ अभ्यासांची बेरीज मांडली गेली, वीस हजारांवर बायकांची. तिथेही आकडा शंभरात बावीस असाच निघाला. तुमच्या गावात वर्षाला पन्नास बाळंतपणं होत असतील तर दहाअकरा घरं धरा. तुमच्या वहीत किती नोंदल्यात? बहुतेक एकही नाही.

गोव्याच्या त्या अभ्यासातली आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ज्या ५९ जणी आजारी निघाल्या, त्यातल्या शंभरात अठ्ठ्याहत्तर जणींचं मन गरोदरपणातच बिघडलेलं होतं. म्हणजे बाळंतवारं वगैरे काही अचानक शिरत नाही. ते आधीपासून घरात असतं. आणि कशानं वाढतं ते त्यांनी शोधलं, तर काय निघालं? नवऱ्याशी संबंध वाईट, घरात पैशाची ओढ. आणि मुलगी झाली, तर मारहाणीचा आणि उपासमारीचा परिणाम आणखी जड होतो. डॉक्टरांनी इतकी वर्षं मोजमाप करून जे लिहिलं, ते आपल्या सल्ला केंद्रात येणारी कुठलीही बाई पाच मिनिटांत सांगते. पण त्यांनी लिहिलं हे बरंच झालं. आपलं बोलणं कोण ऐकतं?

इथे मला जरा आपल्या चळवळीचाही हिशोब मांडायचा आहे. सांगली-साताऱ्यात बायकांच्या चळवळीने काही कमी केलेलं नाही. परित्यक्तांचा प्रश्न आपल्या सांगली जिल्ह्यातल्या बायांनी ऐंशीच्या दशकात रस्त्यावर आणला. हुंडा, मारहाण, दारू, गर्भलिंगतपासणी, सगळ्यावर आपण मोर्चे काढले. पण बाळंतिणीच्या मनाबद्दल आपण गप्प राहिलो. का? मला वाटतं, आपल्याला एक भीती होती. बाईच्या दुःखाला आजार म्हटलं, की नवरा सुटतो, सासर सुटतं, बाईच्या हातात गोळ्या येतात आणि अन्याय तसाच राहतो. ही भीती खोटी नव्हती. परित्यक्तांच्या केसेसमध्ये आपण बघितलंय, “बायको वेडसर आहे” एवढ्या एका वाक्यावर नवऱ्यांनी बाया टाकलेल्या आहेत. बाळंतपणात दोन महिने आजारी पडलेली बाई माहेरी पाठवली आणि नंतर घेतलीच नाही, अशा तीन केसेस मी स्वतः हाताळल्या. म्हणून आपण ‘आजार’ हा शब्दच उच्चारायचा नाही असं ठरवून टाकलं होतं जणू.

पण त्याची किंमत कुणी दिली? त्या बाईने दिली. तिचा अन्याय आपण पुढच्या वर्षी, कोर्टात, मोर्च्यात सोडवणार. ती आज रात्री झोपलेली नाही. मला एका मुलीचं तोंड अजून आठवतं. खटाव तालुक्यातली, बावीस-तेवीस वर्षांची, तीन महिन्यांचं पोर मांडीवर. केंद्रात आली ती नवऱ्याच्या मारहाणीची तक्रार घेऊन. आम्ही अर्ज लिहिला, पोलीस स्टेशनला गेलो, नवऱ्याला बोलावून घेतलं, समज दिली, सगळं व्यवस्थित. ती त्या सगळ्या वेळात एक शब्द बोलली नाही. आम्ही समजलो, घाबरलीय. आठवड्याने तिने औषध घेतलं. उसावर मारायचं. वाचली, पण तिच्या नशिबाने वाचली, आमच्या हुशारीने नाही. आम्ही तिला शंभर प्रश्न विचारले होते. तुझा जीव कसा आहे, हा एक विचारला नव्हता.

तेव्हा माझं म्हणणं असं, की आजार आणि अन्याय यांत एक निवडायची गरज नाही. रोज मार खाणाऱ्या बाईचा हात मोडला, तर आपण नवऱ्यावर केसही करतो आणि हाताला प्लास्टरही घालतो. प्लास्टर घातलं म्हणून केस कमजोर होत नाही.

आता आपल्या रीतीभातींकडे येऊ. हल्ली शहरातल्या मासिकांत वाचायला मिळतं, की आपल्या परंपरेत बाळंतिणीची किती काळजी घेतली जायची. माहेर, सव्वा महिना, तेल, शेक, लाडू, बाळंतविडा. मुस्लिम बहिणींच्या घरी चाळीस दिवस. हे खरंच आहे, त्यात शहाणपण आहे. अंगाला माणसाचा हात लागतो, कुणीतरी रांधून घालतं, आई जवळ असते. माझ्या पहिल्या वेळी मला त्याचा आधार झाला. पण हे सगळं मिळतं कुणाला ते बघा. पहिलटकरणीला मिळतं. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी माहेर थकलेलं असतं. मुलीवर मुलगी झाली की लाडवातलं तूप कमी होतं. गरिबाघरी लाडूच नसतात. आणि त्या अंधाऱ्या खोलीत, दार-खिडकी लावून, विटाळ म्हणून दहा दिवस कुणी शिवायचं नाही, हेही त्याच परंपरेत आहे. आपल्याकडे पाचवीला सटवाई येऊन बाळाचं नशीब लिहून जाते म्हणतात. त्या रात्री बाळाजवळ पाटी-पेन्सिल ठेवतात, दिवा लावतात, जागरण करतात. सगळे बाळाच्या कपाळाकडे बघत असतात. बाळंतीण त्या दिव्याच्या मागे असते.

आणि उसाच्या फडातल्या बाया? दिवाळीच्या सुमाराला कारखान्यांची धुराडी पेटली, की बीड-उस्मानाबादकडच्या (आता तो धाराशिव जिल्हा) टोळ्या आपल्या कृष्णाकाठी उतरतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल आधीच घेतलेली. बाई एक दिवस कामाला आली नाही तर तो खाडा, त्याचे पैसे कापतात. तिथे पालात बाळंत होणाऱ्या बाईला कसला सव्वा महिना? मी कोपीत सहा दिवसांची बाळंतीण बघितलीय, पोर उसाच्या पाचटावर निजवून मोळ्या बांधणारी. तिला मी विचारलं, “बरं वाटतंय का?” तर ती माझ्याकडे असं बघत राहिली, जणू हा प्रश्न कुठल्या तरी दुसऱ्या भाषेतला आहे. या बायका आपल्या जिल्ह्याच्या यादीत नाहीत, तिकडच्या जिल्ह्याच्या यादीत त्या गावाला गेलेल्या आहेत. हंगामात आपल्या हद्दीत उतरलेली टोळी म्हणजे आपलंच गाव, असं आशाताईंनी धरलं तर बरं. अर्थात त्याचा मोबदला कोण देणार, हा प्रश्न तुम्ही मला विचारालच, आणि विचारायलाच हवा.

नकोशीची गोष्ट तुम्हाला माहीत आहे. सातारा जिल्ह्यात मुलीवर मुलगी झाली की तिचं नाव नकोशी, नकुसा ठेवायची रीत होती. ऑक्टोबर २०११ मध्ये जिल्हा परिषदेने अशा २८५ मुलींना नवी नावं दिली, साताऱ्यात कार्यक्रम झाला, मुलींनी स्वतः नावं निवडली. परदेशातल्या वर्तमानपत्रांतसुद्धा छापून आलं. चांगलं काम झालं, मी टीका करत नाही. पण तेव्हाही मला वाटत होतं आणि आजही वाटतं, की त्या मुलींच्या आयांना कुणी काही विचारलं का? बारशाच्या दिवशी पोरीच्या कानात ‘नकोशी’ म्हणताना पाळण्याची दोरी कुणाच्या हातात होती? त्या आईने पुढची दहा-बारा वर्षं दिवसातून पन्नास वेळा ‘नकोशे, इकडं ये’ म्हणून हाक मारली. ती प्रत्येक हाक मुलीला लागत होती तशी आईलाही लागत होती. नकोशी तीही होतीच की.

आणि नाव ठेवायची रीत गेली म्हणून ‘नको’ गेलं नाही. २००१ च्या शिरगणतीत सांगली जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे ८५१ मुली होत्या. मार्च २०१७ मध्ये मिरज तालुक्यात म्हैसाळला काय सापडलं ते तुम्ही विसरला नसाल. गर्भपातात एक तरुण बाई मेली, म्हणून चौकशी झाली आणि ओढ्याकाठी पुरलेले १९ गर्भ निघाले. आपण सगळ्या त्या १९ बद्दल बोललो. बोलायलाच हवं होतं. पण त्यामागे बाया होत्या, त्या घरी परत गेल्या. त्यांनाही रक्त गेलं असेल, काहींना दूध आलं असेल. त्या कुणाजवळ रडल्या? गर्भपातानंतरची आणि मूल दगावल्यानंतरची बाईसुद्धा बाळंतीणच असते, हे आपण वहीत लिहीत नाही.

वहीवरून आठवलं. आशाताई, तुमच्या हातात तो गृहभेटीचा अर्ज असतो ना? २०११ पासून देशभर आला तो. मुळात ही घरी जाऊन नवजात बाळाला तपासायची कल्पना गडचिरोलीला डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या कामातून निघाली. दवाखान्यात बाळंतपण झालं तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी, अशा सहा भेटी. बाळाचं वजन, ताप, श्वास, नाळ. मग आईचा ताप, अंगावरून जाणं, दूध. त्यात आईसाठी एक प्रश्न आहे, बाई असंबद्ध बोलते का किंवा झटके येतात का. मी तो अर्ज पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा याच ओळीवर थांबले. बडबडणाऱ्या बाईसाठी अर्जात जागा आहे. जी गप्प आहे तिच्यासाठी नाही. मी १९८३ साली तिथे असते, तर तुम्ही माझ्या नावापुढे ‘नाही’ लिहून पुढच्या घरी गेला असता.

पण बघा, सहा भेटी! या राज्यात बाळंतिणीच्या खोलीत सहा वेळा जायचा हक्क सरकारने दुसऱ्या कुणाला दिलेला नाही. डॉक्टर जात नाही, पोलीस जात नाही, आम्ही संघटनेच्या बाया गेलो तर दारातच विचारतात, कुठल्या पार्टीच्या म्हणून. तुम्ही वजनकाटा घेऊन सरळ आत जाता. या सहा भेटींचे म्हणून सुरुवातीला २५० रुपये ठरवले होते सरकारने, त्यावर मी काय बोलू? तुमच्यावर आणखी एक रकाना लादायला मी आलेली नाही. मी एवढंच मागते, की बाळाला झोळीत घालून काटा स्थिर होईपर्यंत जो वेळ जातो, तेवढ्यात आईकडे तोंड करून बसा.

विचारायचं काय? परदेशात १९८७ साली एडिंबरोच्या डॉक्टरांनी दहा प्रश्नांची एक यादी केली, ती जगभर वापरतात. गोव्यात ती कोकणीत करून घेतली होती. मागच्या सात दिवसांत हसू आलं का, उगीच स्वतःला दोष दिला का, भीती वाटली का, झोप गेली का, असे साधेच प्रश्न आहेत. शेवटचा प्रश्न, स्वतःला काही करून घ्यावं असं मनात आलं का. प्रशिक्षण मिळालं तर ती यादी जरूर वापरा. नाही मिळालं तर आपल्या बोलीत विचारा. “डिप्रेशन आहे का?” असं विचारू नका. आपल्या बाया म्हणतात, ‘जीव घाबरा होतो’, ‘चित्त थाऱ्यावर न्हाय’, ‘कशातच लक्ष लागंना’, ‘अंगात कणकण हाय’, ‘डोस्कं जड’. कंबर दुखते, दूध येत नाही म्हणूनसुद्धा सांगतात. दूध येत नाही म्हणणाऱ्या बाईजवळ जरा जास्त बसा. आणि “पोर निजल्यावर तुला झोप लागती का?” हा एक प्रश्न सोडू नका. पोर रडतंय म्हणून झोप नाही हे प्रत्येक घरात असतं. पोर निजूनही झोप नाही, तिथे थांबायचं.

शेवटचा प्रश्न विचारायला तुम्हाला भीती वाटेल. आपण विचारलं तर तिच्या डोक्यात नसलेलं येईल, असं वाटतं. येत नाही. माझ्या डोक्यात ते सुईणीने घातलं नव्हतं, तिने ते बाहेर काढलं. आणि बाई ‘हो’ म्हणाली, तर तिला एकटी सोडायची नाही, घरातल्या एका शहाण्या माणसाला सांगायचं, आडावर, औषधाच्या डब्यावर नजर ठेवायला लावायची आणि तिला त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचं. टेली-मानस नावाची सरकारी फोनसेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, १४४१६ वर. मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. वहीच्या मागच्या पानावर मोठ्या आकड्यांत लिहून ठेवा.

दवाखान्यात न्यायचं म्हटलं की घरचे दोन गोष्टी म्हणतात. एक, गोळ्या चालू केल्या तर अंगावरचं पाजता येणार नाही. तर पाजत असताना चालणारी औषधं आहेत, फक्त डॉक्टरांना पाजतेय म्हणून सांगायचं आणि मनाने घ्यायची नाहीत, मनाने बंदही करायची नाहीत. रक्त आणि थायरॉइड तपासून घ्या म्हणावं, कारण अंगात रक्त नसलेली बाईसुद्धा अशीच मलूल दिसते. आणि प्रत्येकीला गोळ्या लागतात असं नाही. पाकिस्तानात रावळपिंडीजवळच्या खेड्यांत तुमच्यासारख्याच आरोग्यसेविकांना शिकवून घरोघर बोलायला पाठवलं होतं. २००८ साली त्याचा निकाल छापला. नैराश्यातल्या ज्या बायांकडे त्या शिकलेल्या सेविका गेल्या, त्यांपैकी सहा महिन्यांनी शंभरात तेवीस जणीच नैराश्यात राहिल्या. दुसऱ्या गावांत, जिथे भेटी झाल्या पण हे बोलणं झालं नाही, तिथे त्रेपन्न. बोलण्याने इतका फरक पडतो. सीमेपलीकडच्या बाया आहेत, पण सासू, चूल, दुसरी मुलगी, सगळं आपल्यासारखंच.

दुसरं म्हणतात, आत ठेवून घेतील, पोर आईपासून तोडतील. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात लिहिलंय, की दाखल झालेल्या आईचं तीन वर्षांच्या आतलं मूल सहसा तिच्यापासून वेगळं करायचं नाही. आईच्या आजाराने बाळाला धोका असेल तरच, आणि तोही तात्पुरता. बंगलोरला निमहान्समध्ये तर २००९ पासून आई आणि बाळ एकत्र ठेवायचा स्वतंत्र विभाग आहे. आपल्या जिल्ह्यांत असा विभाग असावा, ही मागणी मी आजच्या ठरावात घालावी म्हणून सुचवते.

देवरुषाचं काय करायचं? नुसता अंगारा असेल तर मी भांडत नाही. अंगारा लावा आणि एसटीही पकडा. पण बाळंतिणीला ‘वारं उतरवतो’ म्हणून मारणं, केस धरून फिरवणं, मिरचीची धुरी देणं, उपाशी ठेवणं, हा महाराष्ट्रात २०१३ पासून गुन्हा आहे. तो कायदा आपल्या साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी आयुष्यभर मागितला आणि त्यांचा खून झाल्यावर आला. तो वापरायला लाजू नका.

आणखी एक आठवण सांगते. सावित्रीबाई आपल्या, खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या. १८६३ मध्ये त्यांनी आणि जोतीरावांनी पुण्यात राहत्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या विधवांनी गुपचूप यावं, बाळंत व्हावं, हवं तर मूल ठेवून जावं. आपण ते बाळं वाचवण्याचं काम म्हणून शिकवतो, नावही तसंच आहे. पण त्या बायांचा जीव आधी वाचायचा, मग बाळाचा. सावित्रीबाई स्वतः त्यांची बाळंतपणं करायच्या. तिथे बाईला कुणाचं मूल म्हणून कुणी विचारत नव्हतं.

बरं, मी फार बोलले. चहा आलाय म्हणतायत. चहा झाल्यावर आपण तिघी-तिघी बसायचं आहे. एक आशाताई, एक बाळंतीण आणि एक सासू. सासू खोलीतून हलत नाही आणि आशाताईने तिच्यासमोर, तिला न दुखावता, बाळंतिणीला विचारायचं आहे. सगळ्यात अवघड काम सासूला बाहेर पाठवायचं. तापलं पाणी मागून बघा, माझ्या वेळी ते चाललं होतं. सासू व्हायला कोण तयार आहे? हात वर करा. बघा, एकीचाही वर येत नाही.